पक्षाघातानंतरचे चालणे : मापदंड, संशोधन आणि ग्रामीण वास्तव – एक चिकित्सा

प्रस्तावना :
ग्रामीण भागात पक्षाघाताला ‘अंगावरून वारे जाणे’ असे म्हटले जाते. वारे जाते, मागे उरतो तो लुळा हात आणि ओढत टाकावा लागणारा पाय. जीव वाचल्यानंतरच्या पुनर्वसनात ‘चालणे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न म्हणूनच मूलभूत ठरतो. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

मापदंडाची मर्यादा :
पेरी व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार सेकंदाला ०.४ मीटरहून कमी वेगाचा रुग्ण घरापुरता, तर ०.८ मीटरहून अधिक वेगाचा रुग्ण समाजात वावरण्याइतका चालतो. हा वेग सपाट, मोकळ्या जागेत मोजला जातो. गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावात मात्र खाचखळगे, चिखल, गर्दी आणि रेल्वे डब्याची पायरी यांतून वाट काढता येणे म्हणजे चालणे होय. वेगाचा आकडा उपयुक्त आहे. पण तो पुरेसा नाही.

संशोधनाचा अन्वयार्थ :
अमेरिकेतील ‘लीप्स’ या अभ्यासात (२०११) ४०८ रुग्णांचा समावेश होता. शरीराचा भार पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालविणे हे फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करवून घेतलेल्या व्यायामापेक्षा श्रेष्ठ ठरले नाही. महागड्या यंत्राविना चालू शकते, असा दिलासा यातून मिळतो. परंतु ‘मग घरचेच करतील’ हा निष्कर्ष घाईचा ठरेल. भारतातील १४ रुग्णालयांमधील १२५० रुग्णांवरील ‘अटेंड’ अभ्यासात (२०१७) कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून पुनर्वसन करविले गेले. सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबन यांच्या प्रमाणात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यासांचे रुग्ण व निकष भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि यंत्राला पर्याय सापडला, तरी प्रशिक्षित हाताला तो अद्याप सापडलेला नाही, एवढे सूचित होते.

शिवाय ‘कुटुंब’ हा शब्द फसवा आहे. प्रत्यक्षात तो भार बहुधा पत्नी वा सून वाहते आणि तिची बुडालेली मजुरी कोणत्याही तक्त्यात येत नाही.

समारोप :
सारांश, ग्रामीण पुनर्वसनाची कसोटी रुग्णालयाच्या व्हरांड्यात नव्हे, तर रुग्णाच्या नित्याच्या रस्त्यावर लागली पाहिजे. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट त्या रस्त्यापर्यंत पोहोचविणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. ती कुटुंबाच्या मायेवर सोपविणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, तर जबाबदारी झटकणे होय.