एगेरियेच्या आडवाटा

सेमिनरीत आम्ही एगेरियेचे नाव प्रथम ऐकले ते उपासनाशास्त्राच्या तासाला. चौथ्या शतकातील जेरुसलेममध्ये पवित्र सप्ताह कसा पाळला जाई, याचा तिने लिहिलेला वृत्तान्त अभ्यासकांना अमोल वाटतो. त्यामुळे तिच्या ग्रंथाचा उत्तरार्ध तेवढा वाचावा आणि पूर्वार्धातील प्रवास चाळून सोडावा, अशी रीत पडली आहे. आम्हीही तेच केले. पुष्कळ वर्षांनी जॉन विल्किन्सन यांचा १९७१ सालचा इंग्रजी अनुवाद सावकाश वाचला, तेव्हा आपण ग्रंथाचे मर्मच गाळले होते, हे ध्यानात आले.

एगेरिया ही रोमन साम्राज्याच्या पश्चिम टोकाकडची स्त्री. इ. स. ३८१ ते ३८४ या काळात ती पूर्वेकडे हिंडली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मायदेशीच्या भगिनींसाठी तिने लिहिलेल्या या लॅटिन वृत्तान्ताचे हस्तलिखित १८८४ साली इटलीतील अरेझ्झो येथे हाती लागले. त्याची आरंभीची व शेवटची पाने गहाळ आहेत. म्हणून ती आपणांस भेटते तीच मुळी सीनाय पर्वताच्या वाटेवर.

तिच्या लेखनावर रुक्षतेचा आरोप होतो आणि तो खोटा नाही. प्रत्येक स्थळी प्रार्थना, बायबलमधील त्या स्थळाविषयीचे वाचन, स्तोत्र, पुन्हा प्रार्थना, वाचणारा कंटाळतो. ठरलेल्या स्थळी ती जणू यादी पुरी करते. (आपल्या धर्मग्रामांतून पवित्र भूमीस जाणाऱ्या मंडळींना हे ओळखीचे वाटेल.) परंतु वाटेत कोणी काही सुचविले, की तिच्या लेखणीत जीव येतो. नबो पर्वताकडे जाताना लिवियास गावचा धर्मगुरू म्हणतो, की मोशेने इस्राएल लोकांना दिलेले पाणी पाहावयाचे असेल, तर सहाव्या मैलाशी रस्ता सोडण्याचा त्रास सोसावा लागेल. सारी मंडळी हर्षाने वळतात. अन्यत्र एका रम्य दरीत एकाकी मठवाशाचे निवासस्थान दिसते. ते काय आहे, हे विचारल्यावाचून तिला राहवत नाही. आपण फार चौकस आहोत, अशी कबुलीही ती देऊन टाकते! ती दरी एलिया संदेष्ट्याच्या ओहोळाची निघते.

हारानला तर ती पोचली तो नेमकी संत हेल्पिदियुसच्या सणाची पूर्वसंध्या. एरवी एकांतवासातून सहसा न उतरणारे मेसोपोटेमियातील मठवासी त्या सणासाठी जमले होते. तिला याची कल्पनाच नव्हती. त्याआधी एदेस्सा येथे संत थॉमसच्या समाधीपाशी तिने प्रार्थना केली. मात्र तेथे भारताचे नाव ती काढीत नाही, याची आम्हांस थोडी हळहळ वाटते.

खरा दोष मात्र वेगळा आहे. बायबलच्या समासात मावेल तेवढेच वाळवंट तिला दिसते. सीनायहून परतताना समुद्रकाठी वाट म्हणून नव्हतीच, नुसती वाळू. फारानचे लोक ठिकठिकाणी खुणा करून ठेवीत आणि रात्रीही त्या खुणांच्या आधारे उंट बिनचूक हाकीत. ग्रंथातील हे उत्कृष्ट वर्णन होय. तरी त्या उंटवाल्यांपैकी एकाचाही चेहरा ती दाखवीत नाही. मठवासी आणि बिशप यांच्यापाशी ती रमते, तशी वाळवंटातील या रहिवाशांपाशी रमत नाही. शिवाय धोक्याच्या टप्प्यांवर रोमन सैनिक तिच्या सोबतीस होते. आडवाटेने जाण्याचे हे स्वातंत्र्य सर्वांच्या वाट्याचे नव्हते, हेही विसरता येत नाही.

असे असूनही आम्ही तिला थोर लेखिका मानतो ते एका परिच्छेदासाठी. नबोच्या माथ्यावरून तिला आजूबाजूचा प्रदेश दाखविण्यात आला. लोटाच्या बायकोचा मिठाचा स्तंभ पाहण्याची कोणाही यात्रेकरूला उत्कंठा असणारच. एगेरिया भगिनींना सरळ कळविते, की जागा दाखविली गेली, स्तंभ मात्र तेथे नाही, आणि आपण त्यांना फसवू शकत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो दिसत असे, हे स्थानिक बिशपांचे म्हणणेही ती प्रामाणिकपणे नोंदविते. इतक्या दूरवरून आलेल्या यात्रेकरूने 'पाहिला' म्हटले असते, तर मायदेशी तिला कोण अडविणार होते? भक्ती आणि सत्य यांची येथे ओढाताण होत नाही. तिच्या भाषेला गावंढळ म्हणणाऱ्या पंडितांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

कॉन्स्टँटिनोपलला पोचल्यावर आता ती मायदेशी वळेल, असे वाटते. पण तिने नवा बेत कळविला आहे : एफेससला जाऊन संत योहानाच्या समाधीचे दर्शन घ्यावयाचे. ती तेथे पोचली की नाही, हे उरलेली पाने सांगत नाहीत.