‘धावताना सुती नकोच’ हे नक्की कोणी सिद्ध केलं?

गेल्या महिन्यात आमच्या विभागात सिनॉप्सिसची रंगीत तालीम होती. एका ज्युनिअरने विषय मांडला: लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांसाठी आरामदायी अंडरवेअरची निवड. पहिल्याच स्लाइडला मागच्या बाकांवर खसखस पिकली. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि उरलेलं सगळं भराभर वाचून खाली बसला. या गडबडीत त्याच्या चौथ्या स्लाइडकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. तिथे लिहिलं होतं: ‘सुती कापड घाम शोषतं, ओलं राहतं, म्हणून घासतं. सिंथेटिक कापड श्रेष्ठ असल्याचं संशोधनातून सिद्ध झालं आहे.’

मला विषय आवडला. माझा आक्षेप त्या चौथ्या स्लाइडवर आहे. हाच सल्ला प्रत्येक रनिंग ग्रुपमध्ये आणि दुकानात मिळतो. आणि ‘संशोधनातून सिद्ध’ या दोन शब्दांमागे काय काय लपतं, हे बघायला इतकं सोपं उदाहरण पुन्हा मिळणार नाही. पीएचडीच्या तयारीला लागलेल्यांनी तर नक्की बघावं.

आधी, यात हसण्यासारखं काय नाही ते सांगते. दोन वर्षांपूर्वी याच सल्ल्यावर विश्वास ठेवून मी पॉलिएस्टरची महागडी जोडी घेतली. पावसाळ्यात मुंबईत बारा किलोमीटर धावून आले तर मांडीच्या आतल्या बाजूची कातडी सोललेली. डॉक्टरकडे जायची लाज वाटली, म्हणून औषधाच्या दुकानातून क्रीम आणलं. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं होतं. आठवड्याभरात तिथे गजकर्ण पसरलं आणि ते बरं व्हायला काही महिने गेले. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ गेली काही वर्षं हट्टी गजकर्णाबद्दल सतत सांगताहेत आणि अशा मिश्र क्रीमचा बेसुमार वापर हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. म्हणजे कापडाबद्दलचा कच्चा निष्कर्ष शेवटी कोणाच्या तरी अंगावर येतो.

पण थांबा. यावरून ‘पॉलिएस्टर वाईट’ असं मी म्हटलं, तर मीही तीच चूक करेन. ती जोडी मला थोडी सैल होती, शिवण नेमकी घासण्याच्या जागी होती आणि हवा दमट होती. दोष कशाचा होता, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. आता स्लाइडकडे वळू.

पहिली गोष्ट, हा सल्ला आला कुठून? इंग्रजीत ‘कॉटन किल्स’ अशी म्हणच आहे. ती थंड डोंगराळ भागात भटकणाऱ्यांची. तिथे ओलं सुती कापड ऊब धरत नाही, अंगातली उष्णता निघून जाते आणि जिवावर बेतू शकतं. त्या संदर्भात म्हण बरोबरच आहे. पण तिथला धोका थंडीचा, आपला प्रश्न घासण्याचा. संदर्भ बदलला की कार्यकारणभाव नव्याने दाखवावा लागतो. स्लाइडवर तो दाखवलेला नाही.

दुसरी गोष्ट, आकडा. तोंडी चर्चेत ज्युनिअरने ‘मॉइश्चर रिगेन’ सांगितलं: कापसाचं सुमारे ८ टक्के, नायलॉनचं सुमारे ४, पॉलिएस्टरचं अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आकडे बरोबर आहेत. पण ते मोजतात काय? ठरावीक हवेत, म्हणजे साधारण २० अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत, कोरडा तंतू हवेतली वाफ किती घेतो ते. धावताना कापडात असतो तो वाहता घाम, आणि त्यातला बराचसा धाग्यांच्या मधल्या फटींत अडकतो. फटी किती, हे विणीवर आणि जाडीवर ठरतं. जाड पॉलिएस्टरही भरपूर पाणी धरून बसतं. धुतलेला पॉलिएस्टरचा ट्रॅकसूट न पिळता उचलून बघा, लगेच कळेल. आकडा खरा, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. सिनॉप्सिसमध्ये ही चूक फार वेळा होते, कारण खरा आकडा दिसला की परीक्षकही पुढे विचारत नाहीत.

‘विकिंग’चंही तसंच. घाम कापडातून वर खेचला जातो तो केशाकर्षणाने, समईच्या वातीत तेल चढतं तसा. आणि वात कापसाचीच असते! अर्थात ही उपमा पूर्ण लागू पडत नाही. पाण्याने कापसाचा तंतू फुगतो आणि फटी आवळतात, तेलाने तसं होत नाही. पॉलिएस्टरचा तंतू फुगत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण खेचलेला घाम पुढे उडून जायला हवा. मुंबईत जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा तो जाणार कुठे? त्यातून अंडरवेअरवर वरून शॉर्ट्स असते, म्हणजे उघड्या टी-शर्टइतकी हवाही लागत नाही.

तिसरी गोष्ट, संदर्भ. ओलाव्याने घर्षण वाढतं, याला आधार म्हणून स्वित्झर्लंडमधल्या एम्पा संस्थेचा २००८ चा अभ्यास दिला होता. अभ्यास उत्तम आहे. ११ पुरुष आणि ११ स्त्रियांनी कापडावर हात घासला आणि त्वचा जितकी ओलसर, तितकं घर्षण जास्त असं दिसलं. कापड पूर्ण ओलं असताना घर्षणगुणांक कोरड्या स्थितीच्या दुपटीहून वर गेला. पण घासला तो हाताचा पुढचा भाग आणि कापड होतं रुग्णालयातलं. मांडी नाही, धावणं नाही. मुख्य म्हणजे सुती विरुद्ध सिंथेटिक ही तुलना त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. ‘ओलं कापड जास्त घासतं’ इतकं त्यातून घेता येतं. ‘म्हणून सिंथेटिक श्रेष्ठ’ ही उडी आपली.

धावणाऱ्यांवर तुलना झालीय, पण मोज्यांची. अमेरिकेत हेरिंग आणि रिची या दोघांनी १९९० मध्ये सुती आणि ॲक्रिलिक मोज्यांचा डबल-ब्लाइंड अभ्यास छापला. ॲक्रिलिकमध्ये फोड कमी आणि लहान आले. हा संदर्भ सगळे देतात. त्याच दोघांनी १९९३ मध्ये वेगळ्या, साध्या गादीच्या मोज्यांवर पुन्हा तुलना केली, तेव्हा दोन तंतूंमध्ये तसा फरक दिसला नाही. दुसरा पेपर फारसा कोणी देत नाही. ज्युनिअरच्या स्लाइडवरही तो नव्हता. खरं तर दोन्ही एकत्र वाचल्यावरच अर्थ लागतो: तंतू एकटा काम करत नाही, बांधणीही तितकीच महत्त्वाची असते. दुकानातली सुती चड्डी आणि सिंथेटिक चड्डी यांत तंतूबरोबर वीण, जाडी, लायक्राचं प्रमाण, पायांची लांबी आणि शिवण हे सगळंच बदलतं. मग जिंकलं कोण, तंतू की शिवण?

शिवाय ‘आराम’ म्हणजे नक्की काय? बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात २६ जणांनी व्यायामात घातलेले टी-शर्ट तपासले. पॉलिएस्टरचे शर्ट सुतीपेक्षा जास्त आणि वाईट वासाचे निघाले. घासणं, ओलेपणा, वास, घट्टपणा हे वेगवेगळे चल आहेत. कापड एकात पुढे आणि दुसऱ्यात मागे असू शकतं. ‘श्रेष्ठ’ म्हणताना कशात, हे लिहायलाच हवं.

मग अभ्यास करायचा कसा? मोज्यांत एका पायात एक, दुसऱ्यात दुसरा असं करता येतं. इथे नाही, कारण मांड्या एकमेकींनाच घासतात. म्हणून एकाच व्यक्तीने दोन्ही प्रकार आलटून पालटून वापरायचे आणि क्रम नाणं उडवून ठरवायचा. माप, शिवण, लांबी शक्य तितकी सारखी. धावण्याआधी आणि नंतर कपड्याचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर, त्या दिवसाची आर्द्रता आणि घासल्याची नोंद ० ते १० मध्ये. नोंद आंघोळीच्या आधी करा, कारण पाणी पडलं की आग होते आणि आकडा फुगतो.

सगळ्यात अवघड अडचण लाजेची आहे. जांघेत सोललंय का, असं समोर बसून विचारलं तर बरेच जण ‘नाही’ म्हणतील. मीही म्हटलं असतं. म्हणून नाव न लिहिता भरायचा फॉर्म हवा आणि शरीराच्या चित्रावर जागा दाखवायची सोय हवी. मागच्या बाकांवर जे हसले, तेच उद्या या अभ्यासातले सहभागी असतील. त्यांचं हसूसुद्धा एक माहितीच आहे.

आता ज्यांना उद्याच धावायचंय त्यांच्यासाठी, माझ्या मते पुराव्याला धरून राहील इतकंच: आधी माप बघा, मग कापड. सैल कापड चुरगळतं आणि घासतं. मांड्या जिथे घासतात तिथपर्यंत पाय लांब असू द्या. शिवण चपटी असावी, लेबल टोचू नये. कापड पातळ असावं. छोट्या पल्ल्याला सुतीने भागत असेल तर उगाच पैसे घालवू नका. घासण्याच्या जागी व्हॅसलीन लावा, धावून आल्यावर ओल्या कपड्यात चहा पीत बसू नका आणि शर्यतीच्या दिवशी नवी जोडी घालू नका. पुरळ उठलं तर दुकानातलं क्रीम नको, डॉक्टरला दाखवा.

परवा ज्युनिअरने नवी चौथी स्लाइड पाठवली: ‘दमट हवेत, सारख्या मापाच्या आणि शिवणीच्या अंडरवेअरमध्ये, तंतू बदलल्याने मांडीचं घासणं बदलतं का?’ शेवटी प्रश्नचिन्ह आहे. आता मात्र त्याला हा विषय मिळायला हवा.