सुट्टीत वाचा: एक चहाचं प्रकरण, एक गाण्याचं पुस्तक

दिवाळीच्या सुट्टीत येवल्याला घरी आलं की मी पेपर वाचत नाही. तुम्हीही नेट-पेटच्या तयारीत असाल, तर आठवडाभर गाईड बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी निवांत वाचा. एक चहाबद्दल आहे, दुसरी गाण्याबद्दल. दोन्हींत प्रश्न एकच: "मला फरक कळतो" असं कुणी म्हटलं, तर ते खरं कशावरून?

पहिली म्हणजे रोनाल्ड फिशर यांच्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' (1935) या पुस्तकाचं दुसरं प्रकरण. एक बाई म्हणतात, कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं. (आपल्याकडे दूध, पाणी, साखर, पावडर सगळं एकाच पातेल्यात उकळतं, त्यामुळे हा वादच नाही.) फिशर 8 कप घेतात, 4 एका पद्धतीचे, 4 दुसऱ्या, आणि क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा ठरवतात. 8 मधून 4 निवडायचे 70 मार्ग, म्हणून नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता 70 त 1. आता दुधाच्या चारपैकी तीनच ओळखले तर? 'तीन किंवा जास्त' बरोबर येण्याचे मार्ग 17, म्हणजे जवळजवळ 24 टक्के. तेवढ्यावर दावा मान्य करता येत नाही. पी-व्हॅल्यू पाठ करून कंटाळला असाल तर हे हातानेच मोजून बघा. गंमत म्हणजे बाईंनी किती कप ओळखले हे फिशर पुस्तकात सांगतच नाहीत. त्यांना रस आखणीत आहे. माझी तक्रार एवढीच, की चहावरच्या या प्रकरणात चहाची चव कुठेच नाही.

ती कसर वामनराव देशपांडे यांचं 'घरंदाज गायकी' (1961) भरून काढतं. वामनराव पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, मोगूबाई कुर्डीकरांचे शिष्य. त्यांचा मुद्दा वाचता वाचता तुम्हाला आलेखच दिसेल: एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय. किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, आणि जयपूर घराण्यात दोन्हींचा तोल. इतका पसारा एका रेषेवर बसवणं सोपं नाही, आणि पुस्तक वाचून ऐकायला बसलं की कान खरंच वेगळं ऐकतात. मला ते फार आवडतं.

पण आमच्या गावात पैठणी घेताना पदर उलटून बघतात. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती हातमागाची नाही. तसंच इथेही करा. मधली जागा 'तोल' म्हटली की ती आपोआप चांगली ठरते. मोजपट्टीतच पसंती शिरली, आणि ती पसंती लेखकाच्या गुरूंच्या घराण्याकडे जाते. त्यामुळे निष्कर्ष चूक ठरत नाही, पण 'कुठे आहे' आणि 'किती चांगलं आहे' हे दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळले जातात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असं झालं तर गाईड पहिल्याच पानावर लाल पेनाने गोल करतील.

मग फिशरांची पद्धत गाण्याला लावायची का? 4 किराणा, 4 आग्रा अशी 8 ध्वनिमुद्रणं घ्या. मार्ग पुन्हा 70. नावाजलेले गायक घेऊ नका, लोक आवाजावरूनच माणूस ओळखतील. बंदिशही तीच हवी, नाहीतर चीज ऐकूनच घराणं कळेल. इथपर्यंत जमेल. अडचण पुढे आहे. चहात कोणता कप कसा भरला हे ओतणाऱ्याला नक्की माहीत असतं. गाण्यात 'हे किराणा' अशी चिठ्ठी कोण लावणार? जाणकारच. आणि परीक्षा तर त्यांच्याच कानाची चाललेली.