‘जमाव’ नावाचा कर्ता : नामांतर-दंगलीची भाषा आणि बागुलांची कथा

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यापाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. हे शेवटचे वाक्य कर्त्यावाचून पूर्ण होते, आणि ते आपल्याला खटकतही नाही. संघर्ष एका नावावरून झाला. हिंसेचा कर्ता मात्र भाषेत निनावी राहिला.

अनामिकता हिंसेला वाट करून देते, हा सिद्धांत जुना आहे. गर्दीत व्यक्तीचे जबाबदारीचे भान सुटते, असे गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ मध्ये मांडले. फिलिप झिम्बार्डो यांच्या १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चेहरे झाकलेल्या स्त्रियांनी समोरच्या व्यक्तीला अधिक वेळ विजेचे धक्के दिले. ते धक्के खरे नव्हते. देणाऱ्यांना मात्र ते खरे वाटत होते. ब्रिस्टॉलमधील १९८० च्या दंगलीचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन रायशर यांना वेगळेच आढळले. तेथील जमाव बेभान नव्हता. कोणावर हल्ला करायचा आणि कोणावर नाही, हे त्याला कळत होते. म्हणजे समूहात ‘स्व’ लोपत नाही. व्यक्तीच्या ‘मी’ची जागा समूहाचा ‘आम्ही’ घेतो.

मराठवाड्यातील खेड्याला हा दुसरा विचार अधिक लागू पडतो. जमावात परगावचे लोक असतीलही; पण एकाच शिवारात राबणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे अनोळखी नसतात. तेथे हिंसेला बळ देते ते चेहरा लपण्यापेक्षा समूहाची संमती. अनामिकता येते ती नंतर, कथनातून. ‘गाव पेटले’ ही लक्षणा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. एरवी गावकुसाबाहेर ठेवलेली वस्ती जळताना मात्र ‘गावा’त समाविष्ट होते, आणि जाळणारा व जळणारा एकाच शब्दात विरघळतात.

बाबुराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाची शीर्षककथा नामांतरापूर्वीची आणि मराठवाड्याबाहेरची असली, तरी हा पेच तिने आधीच उभा केला होता. येथे ओळख लपवतो तो मार खाणारा; मारणारे त्याच्या परिचयाचे सहकारी असतात. त्याची जात उघड होताच कालचा स्नेह संपतो. अनामिकता हल्लेखोराचे कवच असते, हे गृहीतक ही कथा उलटे करते : दलिताला जगण्यासाठी निनावी व्हावे लागते, सवर्णाला मारण्यासाठी तशी गरज भासत नाही.

कथेच्या अखेरीस नायक या माराचे कर्तेपण माणसांकडून काढून मनूकडे देतो. व्यक्तिगत सूडाच्या पलीकडे जाऊन व्यवस्थेला नाव देणारी ही दृष्टी श्रेष्ठ आहे. तरीही एक प्रश्न उरतो : मनू कर्ता ठरल्यावर उगारलेला हात कोणाचा होता? कथेचे सामर्थ्य असे की तिच्यात हे सहकारी वाचकाला आधीच भेटलेले असतात. निष्कर्ष मनूचे नाव घेतो. कथन माणसांना विसरू देत नाही.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड-लातूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. या परिसरात दलित साहित्य शिकवताना पीडिताच्या वेदनेचीच चर्चा करून थांबणे अपुरे आहे. प्रत्येक कर्मणी वाक्याला ‘कोणी?’ असे विचारणे, ही येथे व्याकरणाची बाब राहत नाही. ती समीक्षेची नैतिक जबाबदारी ठरते.