चढणीचे मासे

बंगळूरात कन्नडातून मराठी करताना मला चकवे भेटतात ते असे: ‘गाळ’ म्हणजे मासे धरायचा गळ, ‘हत्तु’ म्हणजे दहा, आणि चढणेही. हे शब्दकोश सोडवतो. पेच पुढे आहे. पूर्णचंद्र तेजस्वी (१९३८–२००७) मुडिगेरेत शेती करत, गळ टाकत, निसर्गाची आरती न ओवाळता लिहीत राहिले. त्या मलनाडात पहिल्या पुराबरोबर ओढ्यांतून शेतांत चढणारा मासा म्हणजे ‘हत्तुमीनु’. त्याचं ‘पुरातली मासेमारी’ केलं की वाक्यात माणूस तेवढा उरतो. कोकणासारखं ‘चढणीचे मासे’ म्हटलं की मासा कर्ता होतो: तो अंडी घालायला निघालाय, आपण जाळं घेऊन त्याच्या वाटेत उभे. ही बोच राखतं तेच भाषांतर मी खरं मानते.