हळव्या द्राक्षाची वाइन

भात लावणाऱ्या कुणालाही हळवं आणि गरवं यांतला फरक विचारा, एका वाक्यात सांगेल. हळवं लवकर तयार होतं, गरवं उशिरा. स्पॅनिशमध्ये 'टेम्प्रानो' म्हणजे लवकर. त्यावरून नाव पडलेलं 'टेम्प्रानियो' हे स्पेनचं लाल वाइनचं हळवं द्राक्ष. तिकडे ते सर्वांना माहीत आहे, रिओहा या प्रदेशाचं नावच त्याच्यावर झालं. आपल्याकडे मात्र कॅबर्ने आणि शिराझच्या गर्दीत ते शोधावं लागतं. मी लिहितोय ती बाटली ग्रोव्हर झाम्पाची 'शेन ग्रांद रिझर्व्ह', म्हणजे नाशिककडच्या टेम्प्रानियो आणि शिराझचं मिश्रण. 'शेन' हा फ्रेंच शब्द, अर्थ ओकचं झाड. शनिवार पेठेतल्या आमच्या घरात हे नाव मोठ्यानं वाचल्यावर काय झालं असेल, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

मला पहिला प्रश्न पडला तो चवीचा नाही, शेतीचा. हे द्राक्ष इथे टिकतं कसं? स्पेनमध्ये वेल हिवाळाभर झोपतो, वसंतात फुटतो आणि शरदात तोडणी होते. नाशिकच्या थंडीत वेलाला अशी गाढ झोप लागत नाही. म्हणून वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस सरता सरता गोडी छाटणी. पीक मात्र एकच. घड थंडीत वाढतात आणि ऊन तापायला लागतं तेव्हा, फेब्रुवारी-मार्चकडे, पिकतात. म्हणजे तिकडे द्राक्ष पिकताना दिवस थंड होत जातात, इकडे गरम. तिकडे हळवेपणाचा फायदा असा की शरदातल्या थंडी-पावसाआधी माल हाती येतो. इकडे तोच हळवेपणा उन्हाळ्याच्या आधी सोडवतो. गुण तोच, कारण उलटं. एका सिस्टिमसाठी लिहिलेला कोड दुसऱ्या सिस्टिमवर भलत्याच कारणानं नीट चालावा, तसं हे आहे.

पण यात एक गोम आहे. टेम्प्रानियोत आंबटपणा मुळात बेताचा, आणि उष्णतेत तो आणखी झपाट्यानं उतरतो. साखर भरेपर्यंत थांबलं तर वाइन सपक होते, घाई केली तर सालीचा तुरटपणा कच्चा राहतो. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या थंडीतल्या रात्री चांगल्या गार असतात, म्हणून हा तोल साधण्याची शक्यता तरी उरते.

शेनमध्ये तो तोल बराच साधलाय. पहिल्या घोटात पिकलेलं लाल फळ, मग लवंग-दालचिनीचा वास, शेवटी जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा. लवंगेचा वास ही कविकल्पना नाही. लवंगेतलं युजेनॉल भाजलेल्या ओकच्या लाकडातूनही वाइनमध्ये उतरतं. मिऱ्याची झणक शिराझची. काळ्या मिरीच्या वासामागचं रोटंडोन त्या द्राक्षात सापडतं. माझी तक्रार इथेच आहे. शिराझ पुढे येऊन बोलतो, लाकूड त्याला दुजोरा देतं आणि टेम्प्रानियो मागच्या रांगेत बसतो. वाइन म्हणून ही बाटली चांगली आहे, पण या द्राक्षाची ओळख करून घ्यायला ती अपुरी पडते. 'ग्रांद रिझर्व्ह' वाचून रिओहाच्या 'ग्रान रेसेर्वा'शी तुलनाही करू नये. तिकडे तो शब्द कायद्यानं बांधलेला आहे: किमान ५ वर्षं मुरवण, त्यातली किमान २ ओकच्या पिंपात.

वाइनवर लिहिताना आपली पंचाईत शब्दांची होते. बाटल्यांच्या मागे ब्लॅकबेरी आणि ब्लॅककरंट लिहिलेलं असतं. ती फळं मी खाल्लीत ती जॅमच्या बाटलीतून. तुरटपणा मात्र मला लहानपणापासून पाठ आहे, कारण जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते तेच वाइनमधल्या टॅनिनचं काम. करवंद, जांभूळ, कोकम, आवळा ही आपली मोजपट्टी आहे. ती वापरली की वाइन समजण्यासाठी आधी युरोप फिरून यायची अट राहत नाही.

जेवणाचंही तसंच. गोड्या मसाल्यात लवंग, दालचिनी, सुकं खोबरं असतं. ओकमध्ये मुरलेल्या वाइनला ही मंडळी ओळखीची. भरल्या वांग्यात गूळ हात राखून घातला असेल तर शेन छान जमते. पण चिंच-गुळाच्या आमटीपुढे ती साफ हरते, कारण पदार्थातला गोडवा कोरड्या वाइनला आणखी आंबट-कडू करतो. तिखटजाळ मिसळीबरोबर तर नकोच, अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. आणि 'रूम टेंपरेचर' म्हणजे युरोपातली खोली, एप्रिलमधली पेठेतली नव्हे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मगच उघडा.

हे सगळं बारीकसारीक वाटेल. पण जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला तो 'वाइन म्हणजे दारू की नाही' यावर. माझ्या मते दारू आहेच, आणि तसं मानूनच तिच्याबद्दल मोठ्या माणसांसारखं बोलता येतं. त्या गदारोळात द्राक्षाची जात कुणी विचारली नाही. बागाईतदाराला मात्र तोच प्रश्न रोजचा असतो. २००८-०९ च्या मंदीनंतर वाइनची मागणी कोसळली, तेव्हा नाशिक पट्ट्यात अनेकांनी वाइनची द्राक्षं काढून खायची द्राक्षं लावली. मागणी नसलेली जात बागेत राहत नाही, एवढं साधं गणित आहे.

टेम्प्रानियोला स्पेनमध्येच गावोगाव वेगळं नाव आहे. ला मांचात सेन्सिबेल, रिबेरा देल दुएरोत टिंटो फिनो, काटालोनियात उल दे येब्रे म्हणजे सशाचा डोळा. जिथे ते रुळलं तिथे लोकांनी त्याला आपलं नाव दिलं. आपण अजून दिलेलं नाही. मी 'हळवं लाल' म्हणायला सुरुवात केलीय. पुढच्या वेळी दुकानात 'एखादी रेड द्या' न म्हणता द्राक्षाचं नाव घेऊन मागा, आणि मिळालं तर शिराझ न मिसळलेलं मागा.