गणसंख्या आणि आवाज

महाराष्ट्र विधानसभेत २८८ सभासद. पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. संविधानाच्या १८९ व्या कलमानुसार गणसंख्या एक-दशांश, म्हणजे २९. अर्थात हे २९ जण एकटे बसले तरी सभागृहाचे काम चालू शकते. मग आवाज का उमटत नाही?

उत्तर मिळते, ‘प्रतोदाचा आदेश असतो.’ १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. आदेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्व जाऊ शकते. निवाडा अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष निवडतो बहुसंख्य पक्ष. शिवाय १९३२ च्या पुणे कराराने उमेदवारांची प्राथमिक निवड तरी अस्पृश्य मतदारांकडे ठेवली होती. संविधानात तीही आली नाही. राखीव जागेचा उमेदवारही पक्षच ठरवतो.

हे सारे खरे. पण हे परिशिष्ट मत बांधते, जीभ नव्हे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अनुसूचित जाती कल्याण समिती ही दारे उघडीच आहेत. तेथले मौन सक्तीचे नाही, सोयीचे आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी सभागृहाचे कार्यवृत्त वाचावे आणि आपल्या प्रतिनिधीला जाहीर सभेत विचारावे: आपण किती प्रश्न विचारलेत? संख्या संविधानाने दिली. हिशेब आपणच मागायचा आहे.